भुकेल्या अळीवर फवारणी कधी?

शैक्षणिक खेळणी म्हणून बाजारात जे किडे मिळतात, त्यांचा एक गुण कोणीही मान्य करेल: ते काही खात नाहीत. प्लास्टिकची अळी सोयाबीनवर ठेवा, नाहीतर हरभऱ्यावर ठेवा, आठ दिवसांनी जाऊन बघा, पान जसंच्या तसं. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावात ही अळी विकायला आली, तर शेतकरी ती पोत्यानं घेतील आणि मोबदल्यात खऱ्या अळ्या पोत्यानं देतील. या खेळण्यातल्या किड्यांना सहा पाय, दोन मिशा, पोटावर रेघा, सगळं अगदी बिनचूक असतं. मुलाकडून पाय मोजून घेतले की शिक्षण पूर्ण. माझी तक्रार नेमकी इथे आहे. पाय हा किड्याचा दुय्यम भाग. किडा म्हणजे आधी तोंड, आणि ते तोंड नेण्या-आणण्यासाठी लागेल तेवढं बाकीचं शरीर. जे खेळणं किंवा पुस्तक या तोंडापासून सुरुवात करत नाही, ते मुलाची किड्याशी ओळख करून देत नाही. लग्नात व्याह्यांची ओळख करून देतात तसं नुसतं नाव-गाव सांगून पुढे सरकतं.

एरिक कार्ल या चित्रकाराला हे कळलं होतं. १९६९ साली आलेल्या त्याच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या पुस्तकात अळी खात सुटते आणि पानापानाला खरीखुरी भोकं पडतात. जगातल्या बहुतेक कीटक-पुस्तकांपेक्षा त्या भोकांत जास्त कीटकशास्त्र आहे. पुढे शनिवारी ही अळी चॉकलेटचा केक, आइस्क्रीम, चीज आणि सॉसेजपर्यंत सगळं फस्त करते, तेव्हा जाणकार नाक मुरडतात, कारण बऱ्याच अळ्या ठरावीक झाडांपलीकडे तोंड लावत नाहीत. पण बेंबळीच्या वाचकाला यात काही अतिशयोक्ती वाटू नये. आपली घाटेअळी हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, सूर्यफूल, मका असं काहीही खाते. तिच्या आहारात १८० हून जास्त वनस्पतींची नोंद आहे. घाट्यात डोकं घालून अर्धं अंग बाहेर ठेवायचं आणि आतला दाणा संपवायचा, ही तिची बैठक. दाणे कमी पडले तर शेजारची अळीही चालते. तेव्हा गोष्ट ऐकता ऐकता इथला मुलगा विचारणार, तो प्रश्न ठरलेला आहे: फवारणी कधी केली? आणि शेवटी रंगीबेरंगी फुलपाखरू निघालं की त्याचा विश्वासच उडेल. त्याच्या शिवारातली अळी जमिनीत उतरून कोषात जाते आणि बाहेर येतो तो मळकट तपकिरी पतंग.

या मुलाजवळ किड्यांचं पुस्तक नाही असं समजू नका. ते कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लटकलेलं असतं. खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी, हुमणी; अंडी, अळी, कोष, पतंग; सगळं रंगीत, मोठं आणि कोणत्या पिकाचा कोणता भाग खातो यासकट. छपाई अशी की पाठ्यपुस्तकानं लाजावं. फक्त या ग्रंथाचा शेवट कायम एकच: तळाशी बाटलीचं चित्र आणि एकरी मात्रा. बेंबळीला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण या भिंतीवर आरोपपत्र आणि शिक्षा एकाच कागदावर मिळते. साक्षीदार तपासायची पद्धत नाही. चक्रीभुंग्याशेजारी ढालकिडा उभा केला आणि हा मावा खातो, याला सोडा, एवढी ओळ छापली, तर औषध खपायचं कसं?

म्हणून वाटतं, चांगली कीटक-खेळणी शोधायला शहरातल्या मॉलमध्ये जायला नको. ती त्याच दुकानात, बाटल्यांमागच्या फळीवर धूळ खात पडलेली असतात. कामगंध सापळा घ्या. प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, वर मादी पतंगाच्या वासाची इवलीशी गोळी. रोज सकाळी पतंग मोजायचे आणि वहीत लिहायचे. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागे आठ-दहा भरले की घाटेअळीची वर्दी. सोयाबीनवर २००८ साली अळ्यांनी हल्ला केल्यानंतर राज्याच्या कृषी खात्यानं क्रॉपसॅप नावाचा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला, त्यातही मुळात हेच करायचं असतं: जा, बघा, मोजा. चौथीतल्या मुलाला यापेक्षा खरं गणित कुठे मिळणार? सापळ्यात फक्त नरच का येतात, हे सांगताना गुरुजींना थोडं खाकरावं लागेल, इतकंच. दुसरं खेळणं ट्रायकोकार्ड. पोस्टकार्डापेक्षा लहान पुठ्ठ्यावर सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली आणि प्रत्येकात दुसऱ्याच किड्याचं पिल्लू. त्यातून निघणारी गांधीलमाशीची चिमुकली नातेवाईक शेतातल्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग अळी जन्मतच नाही. आता याच्याशेजारी अमेरिकेतलं १९५६ पासूनचं ‘अँट फार्म’ ठेवा. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन तावदानांमध्ये वाळू आणि टपालानं आलेल्या मुंग्या, बहुधा राणीशिवाय, म्हणजे ज्यांच्या घराण्याला उद्या नाही अशा. बेंबळीत चिमूटभर साखरेत राणीसह अख्खं वारूळ मिळतं, टपालखर्च शून्य.

मुलाला किडे बघायला रानात सोडायचं म्हटलं की पहिला आक्षेप आयांचा, आणि तो खरा आहे: दगडाखाली विंचू असतो. पण विंचवापेक्षा पानाची भीती मोठी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारलेल्या रानात मुलाला भिंग देऊन पाठवणं हा शुद्ध गाढवपणा आहे, तिथे मी प्लास्टिकच्या अळीलाच मत देईन. बांधावरची बोर आणि परसातलं लिंबू मात्र मोकळं असतं. दुसरा आक्षेप प्रेमळ लोकांचा. मुलाला आधी किड्यांवर प्रेम करायला शिकवा, खाणं-मारणं नंतर. मला हे पटत नाही. घराच्या भिंतीवर मातीचं गाडगं करणारी कुंभारीण माशी त्यात जिवंत पण लुळ्या केलेल्या अळ्या पिल्लासाठी शिधा म्हणून कोंबते आणि तोंड लिंपते. फ्रान्सच्या आंरी फाब्रनं अशाच गोष्टी सांगत दहा खंड लिहिले, आणि ते वाचून कोणाचं किड्यांवरचं प्रेम आटल्याचं ऐकिवात नाही. मुलांना भयंकर गोष्टी आवडतातच. आपण उगाच त्या गुलाबी करून वाढतो. राज्य फुलपाखराचंच बघा. २०१५ साली महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला हा मान दिला. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. त्या मानकऱ्याचं बालपण जातं लिंबाच्या कुळातली पानं कुरतडण्यात. बागायतदाराला विचाराल तर तो त्याला भलत्याच पदव्या देईल.

पुण्या-मुंबईच्या मुलांनी काय करावं? कुंडीतल्या कढीपत्त्यावर नजर ठेवावी, आणि अरविंद गुप्तांची पुस्तकं उघडावीत. काडेपेटी आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवल्याबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या पोरांनी त्याच काडेपेटीत बाभळीचा पाला घालून पिढ्यान्‌पिढ्या सोनकिडे पाळले. पद्मश्री राहू दे, घरी मारच मिळाला.

डायनासोरचं एक वेगळंच. खेळण्यांच्या दुकानात किड्यांच्या शेजारच्या फळीवर तो असतो, ‘प्राचीन प्राणी’ म्हणून. बेंबळीच्या काळ्या रानाखालचा खडक ज्या लाव्हाचा, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपण्याच्या सुमाराचा. कीटक डायनासोरच्याही आधीपासूनचे, चाळीस कोटी वर्षांच्या घरातले. आणि त्यांतल्या खूप जुन्या वळणाचा, पंख फुटण्याआधीच्या घराण्यातला नमुना बघायचा असेल तर वाचनालयाचं कपाट उघडावं: कसर. चंदेरी, चपळ, फुकट. कीटकांवरचं एखादं महागडं पुस्तक आणून वर्षभर कुलुपात ठेवलं तरी ती हजर असते. मजकुरात तिला फारसा रस नाही, बांधणीची खळ तेवढी आवडते.