किलोमीटरला शंभर

(रंगमंचावर स्टँडला लावलेली सायकल. शेजारी स्टूल, त्यावर पाण्याची बाटली आणि केळ्यांची फणी. नट येतो. सीटकडे बघतो, मग स्टुलाकडे, आणि उभाच राहतो.)

मी उभाच बोलतो. बसायचा आग्रह करू नका.

आमच्या घराण्यात दानशूर माणूस म्हणजे नानाकाका. त्यातलं शूर ते स्वतः. दान इतरांनी करायचं.

जळगाव ते नाशिक सायकलफेरी निघणार होती. पहिला मुक्काम धुळे. काम चांगलं होतं. खेड्यापाड्यातल्या ज्या पोरी पायपीट करत शाळेत जातात, त्यांना सायकली घेऊन द्यायच्या. आपण सायकल चालवायची आणि आपल्या ओळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे. मी पतपेढीत कॅशियर. माझ्या ओळखीचे सगळे कर्जदार. कोणी दोन रुपये लिहिले, कोणी पाच. एक जण म्हणाला, "लिहा पाच, पण माझ्या हप्त्यातून वळते करा."

अशात चुलत बहिणीची हळद. मांडव भरलेला. नानाकाका उभे राहिले. त्यांनी माझ्या पोटाकडे नीट पाहिलं. मनात काहीतरी हिशेब केला. आणि गरजले, "माझ्याकडून किलोमीटरला शंभर!"

टाळ्या! काकूंनी पर्समधून वही काढून तिथल्या तिथं लिहून घेतलं. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकदा लिहिलं की ते खोडायची सोय नाही.

नंतर हात धुताना काका माझ्या कानात म्हणाले, "भो, तू बांभोरीच्या पुलापर्यंत जाशीन. झाले हजार. चांगल्या कामाले हजार द्यायले काय हरकत आहे?"

(प्रेक्षकांकडे बघून) जळगाव ते धुळे, जवळपास नव्वद किलोमीटर.

तारीख ठरली मार्चची अखेर. खानदेशात मार्च अखेरीला सायकल? का? तर ३१ मार्चच्या आत पावत्या फाटल्या तर देणगीदाराला आयकरात सवलत. म्हणजे देणाऱ्याचं उत्पन्न वजा आणि चालवणाऱ्याचं वजन.

झेंडा सहाला दाखवायचा होता. पाहुणे आठला आले. गारव्याचे दोन तास वाट बघण्यात गेले, उरलेला गारवा भाषणात. पाहुणे म्हणाले, बाबा आमट्यांनी १९८५ साली 'भारत जोडो' काढलं. कन्याकुमारी ते काश्मीर! शंभरावर तरुण सायकलींवर, आणि पाठीच्या दुखण्यानं बसता येत नाही म्हणून स्वतः बाबा गाडीत आडवे! पाच हजार किलोमीटर! मग म्हणाले, आपल्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र. २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांनी मिळून पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत!

माझ्या अंगावर काटा आला. मागे काका पुटपुटत होते. मला वाटलं, भारावले. कान दिला तर, "पाच हजार गुणिले शंभर... पाच लाख. अरे देवा, त्या पोरायले काका होते का रे?"

(सायकलची घंटी वाजवतो.)

निघालो. सुरुवात झकास. ऊन पाठीशी, पोटात पोहे. बांभोरीचा, गिरणेवरचा पूल आला. पुलापलीकडे काका! स्कूटर लावलेली, हातात शाल, श्रीफळ, हार. "झालं भो! शाब्बास! हे बघ, समोर टेकडीवर बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ. त्याच्या साक्षीनं सत्कार. चल आता घरी."

मी म्हटलं, "काका, धुळे."

त्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि हार मात्र परत घेतला. म्हणाले, "लागीन पुढे."

मंडळी, हा आपला जुना सहा नंबरचा हायवे. आता त्याला त्रेपन्न म्हणतात. गुजरातेत हजिऱ्याला एक टोक आणि ओडिशात पारादीप बंदराला दुसरं. ट्रकवाल्याला असं समुद्रापासून समुद्रापर्यंत जायचं असतं. त्याला माझ्या धुळ्याचं काय कौतुक? आणि खानदेश सपाट आहे असं जो म्हणतो ना, तो कारमध्ये बसलेला असतो. काचा वर, एसी चालू. नदी आली की उतार. नदी गेली की चढ. गिरणा, अंजनी, बोरी, सगळ्या जणी उत्तरेला तापीला भेटायला निघालेल्या, आणि मी एकटा पश्चिमेला, सगळ्यांना आडवा.

आणि पश्चिमेकडून वारा.

(सायकलवर न बसता हँडल धरून, मान खाली घालून जोर लावतो.)

दम खायला पायडल थांबवलं. सायकल जागेवर थांबायला पाहिजे ना? ती मागे जायला लागली! मागून काकांचा आवाज, "मागे गेलेलं वजा होते का रे?"

काका मागेच होते. पण माझ्या वेगानं स्कूटर चालत नाही, पडते. म्हणून ते पुढे जायचे, झाडाखाली थांबायचे, मी दिसलो नाही की परत मागे यायचे, "आहेस का?" विचारायचे, पुन्हा पुढे. मी एक चक्कर मारत होतो, काका तीन.

एरंडोल. इथले लोक सांगतात, हीच महाभारतातली एकचक्रानगरी. इथंच भीमानं बकासुराचा गाडाभर भात स्वतः खाल्ला. आणि नेमकं इथंच माझं मागचं चाक पंक्चर! उरलं एकच चक्र. पंक्चर निघेपर्यंत काकांनी ढाब्यावर ऑर्डर दिलेली. शेवभाजी. वर लाल तर्री अशी की तोंड दिसावं. "खाय भो. आज मी देतो." काकांनी बिल द्यायचं म्हटल्यावर मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण भीमाची गादी होती. मी खाल्ली. दोन प्लेट.

शेवभाजी खाऊन दुपारी बारा वाजता सायकलच्या सीटवर बसणं... (बराच वेळ सीटकडे बघतो.) समोर महिलावर्ग आहे. पुढे जाऊ.

पारोळ्याला काकांच्या मनात एकाएकी इतिहास जागा झाला. "अरे, झाशीच्या राणीच्या सासरची जहागीर ही! नेवाळकरांचा किल्ला! पाहून घे. दोन दिवस राह्य." जन्मात काकांनी मला पारोळ्याची टपरी दाखवली नव्हती.

वाटेत लोक मात्र फार चांगले. कुठून आले? जळगावहून. लगेच आत जायचे आणि घेऊन काय यायचे? केळी! जळगावच्या माणसाला! मी नको म्हटलं की त्यांना वाटायचं, लाजतोय. हँडलला फण्या लटकवलेल्या. उन्हानं त्या वाटेतच पिकत होत्या.

मुकटी गाव आलं. पाटी मी 'मुक्ती' अशी वाचली, इतकी अवस्था. रसवंतीत कोसळलो. म्हातारीनं रस पुढे केला.

"कथा चालनात दादा?"

"धुळे."

"आनि कथाईन उनात?"

"जळगाव."

तिनं सायकलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मायेनं म्हणाली, "एस्टी बंद शे का?"

मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं. पोरींच्या सायकली, किलोमीटरला शंभर, सगळं. ती म्हणाली, "मंग ही सायकल दी टाक ना एक पोरले. तिनं काम व्हयनं, तुन्हं बी व्हयनं." एवढ्या भाषणांत ही सूचना कोणीच केली नव्हती!

काका तर खूश. "बाई शहाणी आहे भो. ऐक तिचं." आणि खिशातून पाचशेची नोट काढली. "तुले अलग. इथंच थांब. तब्येत पहाय स्वतःची. अजून पंचवीसेक किलोमीटर आहे, म्हणजे अडीच..." त्यांचा आवाजच गेला.

मी कॅशियर आहे. नोट उन्हाकडे धरून पाहिली, खरी होती, परत दिली. सायकल उचलली.

पुढे दीड-दोन किलोमीटरवर काकांची स्कूटर फट्-फट्-फुस्स. पेट्रोल संपलं. तीन-तीन चकरा मारल्यावर दुसरं काय होणार?

"जाय भो, पंपावरून घेऊन ये."

"जातो काका. पंप चार किलोमीटर पुढे. जायचे चार, यायचे चार, आणि मग धुळ्याकडे परत तेच चार."

काका बोटं मोजू लागले. "तुझ्या मोबाइलचं मीटर बंद करता येत नाही का?"

"काकूंनी ॲप त्यांच्या फोनला जोडलंय."

त्यांनी रुमाल डोक्याला बांधला आणि स्कूटर ढकलायला लागले. आठशे वाचवायचे म्हणून! चाळिशीच्या उन्हात काका ढकलताहेत, शेजारी मी. तेवढ्यात काकूंचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"रे बापू, तुझा ठिपका इतका हळू का सरकतोय?"

"काकू, काकांसोबत आहे. ते पायी येताहेत."

"पायी? हे? थांब, वही घेते. (पानं उलटल्याचा अभिनय.) पायी चालणाऱ्याला दर जास्त पाहिजे. लिहिते, किलोमीटरला पाचशे."

काका ओरडले, "कोण देणार?"

"तुम्हीच. माझी पेन्शन तुमच्याच खात्यात जाते ना?"

स्कूटर थांबली. काका थांबले. मला वाटलं, भोवळ आली. पण नाही. डोळ्यात वेगळीच चमक. त्यांनी माझ्या गळ्यातली सत्काराची शाल काढली. एक टोक स्कूटरच्या हँडलला, दुसरं माझ्या सीटखालच्या दांडीला. गाठ मारली, ओढून पाहिली, आणि स्कूटरवर मांडी घालून बसले.

"धुळ्याले जातच आहेस ना? मग वढ!"

(नट सायकलवर चढतो, उभ्यानं पायडल मारू लागतो. दात-ओठ खातो. मागून काकांच्या आवाजात, फोनवर ओरडल्यासारखं)

"हॅलो! ऐकू येऊन राहिलं का? खोड ते पाचशे! मी चालत नाहीये! वहीत लिही... बसलेला आहे! बसलेला!"

(काळोख.)