ग्राफवाले मामाजी

तुमसरात कोणालाही ‘तब्येत कशी आहे?’ विचारा, ‘बरी आहे जी’ एवढ्यावर भागते. मामाजींना मात्र विचारू नये. ते लॅपटॉप उघडतात, रक्तदाबाची चार महिन्यांची रेष दाखवतात आणि म्हणतात, ‘‘तूच पाहा ना बाप्पा!’’

मामाजी धानाच्या अडतीवर मुनीम होते. सतरा वर्षे रोजचा भाव डायरीत टिपला. नागपूरला शिकणाऱ्या नातीने सुट्टीत त्यांना पायथन शिकवले. शिकवले म्हणजे काय, एकच मंत्र दिला: ‘प्लॉट’, कंसात तारीख, स्वल्पविराम, भाव. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने 1786 साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या अशाच रेषा छापल्या, हे कळल्यापासून तो त्यांच्या कुलदैवतात जमा.

पहिल्या रेषेत दर आठवड्याला धान फुकट वाटले जात होते. बाजार बंद त्या दिवशी मामाजींनी इमानाने शून्य भरले होते. ‘‘आजोबा, शून्य नाही, रिकामं सोडा,’’ नात म्हणाली. दुसऱ्या खेपेला रेष तुमसर रोडच्या यार्डात शंटिंग चालावे तशी मागे-पुढे धावू लागली. 7/11 हा नोव्हेंबरातला दिवस संगणकाने अमेरिकी थाटात 11 जुलै वाचला. ऐन रोवणीत नवे धान मंडीत! ‘‘दिवस आधी, महिना नंतर,’’ हे त्याला बजावण्यात मामाजींचा आठवडा गेला.

आता रेष सुतासारखी सरळ वागते. वर हमीभावाचा जिना: 2022-23 ला 2,040, मग 2,183, मग 2,300 रुपये क्विंटल. खाली बाजारभावाची नागमोडी. तिच्यावर दर हंगामाला एक लाल ठिपका.

‘‘हे काय जी?’’

मामाजींनी घसा खाकरला. ‘‘आपलं धान विकलं तो दिवस.’’

एकूण एक ठिपका खड्ड्यात! जगाला भाव सांगणारे मामाजी स्वतः चुरणा झाल्या झाल्या धान विकून मोकळे. किराण्याची उधारी कुठे ग्राफ पाहून थांबते?

मामीजी चहा घेऊन आल्या. पडद्याकडे न पाहताच म्हणाल्या, ‘‘हसू नका जी. त्यातल्या दोन ठिपक्यांत माह्या दोन पोरींची लग्नं लागली.’’

मामाजी काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, एक ओळ वाढवली आणि ते दोन ठिपके हिरवे केले.