सबब : घरगुती अडचण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या नावाचा जो एक अरुंद रकाना असतो, त्याच्याइतके संक्षिप्त आणि निर्विकार वाङ्मय मराठीत दुसरे नसेल. बीड जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या दप्तरात नववीतून गेलेल्या मुलींचे दाखले ओळीने चाळावेत. 'प्रगती : चांगली', 'वर्तणूक : चांगली' असे शेरे लेखनिकाने वळणदार अक्षरांत दिलेले आढळतात, आणि त्यापुढे कारण म्हणून 'घरगुती अडचण' एवढेच. प्रगतीही चांगली आणि वर्तणूकही चांगली, तर मग मुलगी गेली का, हे लिहिण्याइतकी जागा रकान्यात नसते. आणि छापील चौकटीबाहेर लिहिणे ही बेशिस्त होय.

याबद्दल शासनास दोष देणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल दररोज एक रुपया भत्ता देण्याची तजवीज 1992 साली झाली, आणि पुढे रुपयाची किंमत कितीही उतरली तरी सरकारने कित्येक वर्षे आपला शब्द एका पैशाने बदलला नाही. 2024 मध्ये तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक पदवीचे शुल्कही माफ झाले. म्हणजे डॉक्टर होण्याच्या मार्गातील अडचण सरकारने दूर केली असून आता केवळ नववीचा वर्ग तेवढा गाठावयाचा राहिला आहे.

तो वर्ग बहुधा दुसऱ्या गावी असतो. एसटीचा पास मोफत मिळतो, परंतु ही सवलत गाडी आली तर लागू आहे. शाळा पाचला सुटते आणि परतीची शेवटची फेरी त्यापूर्वीच निघून गेलेली असते. मग अंधार पडताना डांबरी रस्त्याने चालत येणाऱ्या मुलीविषयी पारावर जी चौकशी होते, ती तिच्या गणिताच्या गुणांची नसते. शाळेत मुलींचे स्वच्छतागृह आहे असे अहवाल सांगतो, आणि ते खरेही असते. त्यात पाणी असावे, दाराला आतून कडी असावी, हे अहवालात विचारलेले नसल्यामुळे महिन्यातील चार दिवसांची गैरहजेरी बिनतक्रार मांडली जाते.

ऊसतोडीच्या मुलखात हिशेब अधिक स्वच्छ आहे. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, आणि या जोडीला तो 'एक कोयता' म्हणतो. दिवाळीच्या सुमारास आईबाप फडाकडे निघाले की चौदा वर्षांच्या मुलीचे करावे काय? मागे ठेवावी तर काळजी, सोबत न्यावी तर शाळा बुडाली. उजवून टाकावी तर काळजी मिटली, आणि जावयाचा कोयताही पुरा झाला. एवढा किफायतशीर तोडगा आमच्या एकाही शिक्षण समितीला अद्याप सुचलेला नाही.

कायद्याने तरी या प्रकरणात कसूर केलेली नाही. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाला चौदा वर्षे पुरेशी मानली होती. 1978 मध्ये ती अठरा झाली. शिक्षणाचा हक्क मात्र 2009 साली पुन्हा चौदाशीच येऊन थांबला. सबब चौदा ते अठरा ही चार वर्षे दोन गावांच्या शिवांमधील पडीक जमिनीसारखी, कोणाच्याच सातबाऱ्यावर न चढलेली, राहिली. आणि तेथे वहिवाट पडली ती लग्नाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के अठरापूर्वीच विवाहित आढळल्या. त्यांच्या घरची अडचण तर निश्चितच दूर झाली असणार.

अशा विवाहांस प्रतिबंध करणारा अधिकारी म्हणून गावपातळीवर ग्रामसेवकाची नेमणूक आहे. मांडवात त्याच्या येण्याची कोणाला धास्ती वाटते असे नाही. अगत्याने पहिल्या पंगतीला बसवून निरोपाच्या वेळी त्याला टॉवेल-टोपी देण्यात येते.