म्या तवाच सांगतलं होतं

आमच्या शेगावकडच्या कोणत्याही गावात जा, पारावर असा एक भाऊ सापडणारच. सरकारी खात्याला तोंड उघडायला जितके दिवस लागतात, तितकेच भाऊला ते मिटायला.

जानेवारी 2025 मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. कंगव्यात चार येतात तसे नव्हे. हात फिरवला की मुठीत झुपका, आणि तीन-चार दिवसांत डोकं गुळगुळीत. बायकांच्या डोक्यावरचा पदर ढळेना, पोरं टोपी घालून शाळेत जाऊ लागली, सोयरिकी अडल्या. पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने बाटल्यांत भरून गेली आणि मागे एवढंच ठेवून गेली : अहवाल आला की सांगू.

भाऊला एवढी फट पुरे.

आधी त्याने शाम्पूला धरलं. ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नव्हता त्यांचेही केस गेले, तेव्हा तो न अडखळता पाण्यावर आला. हा खारपाणपट्टा, पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, त्यावर भाऊचा आठवडा निघाला. मग कुणीतरी ‘टक्कल व्हायरस’ आणला. भाऊने लगेच शेजाऱ्याकडचा चहा बंद केला आणि त्याच्या शेजाऱ्याकडे जाऊन प्यायला. दर वेळी कारण नवं, शेवट तोच : “म्या तवाच सांगतलं होतं!”

त्याचं स्वतःचं डोकं ऐन तिशीतच साफ झालेलं. “आमचं आता काय जाते, बाप्पा?” अख्ख्या गावात निर्धास्त तो एकटाच. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री. भाऊ त्यांना ‘आपले प्रतापराव’ म्हणतो, जणू ते रोज रात्री त्यालाच विचारून झोपतात.

फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांचा निष्कर्ष आला. विंचूदंशावरच्या कामाने नावाजलेला हा माणूस. केसगळतीसाठी त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर : न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम, धुतलेल्यात 13.61. म्हणजे गहू धुऊनही फारसं काही जात नाही. भाऊने मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. “शिलेनियम! म्या तवाच...”

“भाऊजी,” पदर सावरत एक वहिनी पुढे आली, “थे शिलेनियम राहू द्या. घरी कोठीत रेशनचा गहू हाय. सांजच्याले पोळ्या करू का नको, थे सांगा.”

भाऊने मोबाइल वर-खाली सरकवला. त्यात गहू जिथून आला म्हणतात तो पंजाब होता, हरियाणा होता, सेलेनियमचा रासायनिक इतिहास होता. वहिनीची पोळी कुठेच नव्हती.

“त्याचं कसं हाय वयनी,” तो खाकरला, “अहवाल येऊ द्या. तवरोक ज्वारीच्या भाकरी थापा.”

“ज्वारी काय भावानं हाय, थे हाय का तुमच्या मोबाइलात?”