आमची अप्रकाशित गाणी, हळदीसकट

आमच्या बँडची सगळीच गाणी अप्रकाशित आहेत. त्यामुळे दुर्मिळ आणि अप्रकाशित गाण्यांचा अल्बम काढायला आमच्याइतकं लायक जगात कोणी नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

हे खूळ डोक्यात घातलं लेड झेपलिननं. आमच्या वसमतच्या मोंढ्यात हे नाव घेतलं तर ‘एकरी किती मिली फवारायचं?’ असं विचारतील, म्हणून सांगतो. हा इंग्लंडचा रॉक बँड. १९८० साली त्यांचा ड्रमर जॉन बॉनम वारला, उरलेल्या तिघांनी बँड मोडला आणि १९८२ मध्ये पेटीच्या तळाशी राहिलेलं गोळा करून ‘कोडा’ नावाचा अल्बम काढला. आठच गाणी. काही १९७० ची, काही आधीच्या अल्बमात जागा मिळाली नाही म्हणून राहिलेली. एक तर गाणं नाहीच, नुसता बॉनमचा ड्रम. पण मी पेटलो ते २०१५ साली. त्या वर्षी ‘कोडा’ तीन सीडींमध्ये नव्यानं आला आणि त्यात दोन गाणी चक्क मुंबईची निघाली! जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत उतरले होते. इथले वादक गाठून त्यांनी आपलीच दोन गाणी देशी साजात वाजवून घेतली आणि टेपा घेऊन निघून गेले. त्या अधिकृतपणे बाहेर यायला त्रेचाळीस वर्षं लागली.

आपल्याकडचे अॅटॉमिक फॉरेस्ट घ्या. सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड. १९८१ मध्ये त्यांची एकुलती एक एलपी आली. पुढं २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीनं त्यांच्या जुन्या टेपा उकरून, कधीच बाहेर न आलेलं वाजवणंही त्यात घालून नवा अल्बम काढला. म्हणजे थांबलं की किंमत येते. आमचा बँड तर थांबण्यातच तरबेज.

बँड हा शब्द मी जरा सढळ हातानं वापरतोय. नांदेडच्या होस्टेलवर मुंबईच्या रूममेटकडून भरून घेतलेल्या कॅसेटी ऐकून मी सुट्टीत गावी यायचो, तेव्हा आम्ही चार पोरं जमलो. लीड गिटार नव्हती. तिच्या जागी वरातीतला बँजो होता. ड्रमरकडं एक साइड ड्रम होता, तोही लग्नसराईत त्याचे काका परत न्यायचे. नावावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, त्यामुळं गणपतीत मंडळाच्या सूत्रसंचालकानं ‘आता आपली पोरं काहीतरी करतील’ एवढंच जाहीर केलं. केलंही आम्ही काहीतरी. पुढच्या वर्षी त्यांनी जादूगार आणला.

आमचं ध्वनिमुद्रण मात्र ढिगानं होतं. टू-इन-वन मधोमध ठेवायचा आणि वाजवत सुटायचं. लाइट गेली की सेलवर. सेल उतरत आले की टेप हळू फिरते, आणि हळू भरलेली टेप नंतर नव्या सेलवर लावली की सगळं घाईघाईनं चिरकतं. आमचा गायक चांगला भसाडा होता. पण कॅसेटमध्ये प्रत्येक गाण्याच्या शेवटाकडं त्याची चिमणी होते. हा प्रयोग झेपलिनलाही सुचला नव्हता.

जुनी मंडळी गोळा केली. बँजोवाल्याचं आता खताचं दुकान आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण पहिला अल्बम कुठला निघाला होता रं आपला?” हा माणूस कायम तालाबाहेरचं विचारतो. मी त्याला ‘द हू’ या बँडचं उदाहरण दिलं. त्यांच्या गाण्यांच्या चोरट्या रेकॉर्डी बाजारात फिरायला लागल्या, तेव्हा बास वाजवणाऱ्या जॉन एंटविसलनं १९७४ मध्ये न निघालेली गाणी निवडून स्वतःच अल्बम तयार केला. बँजोवाला म्हणाला, “आपली कुणी चोरलीत का?” मी म्हटलं, अजून नाही.

कॅसेटी घरीच होत्या, हळदीच्या कोठीत. काहींवर मायनं हरिपाठ भरला होता. वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडले की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, म्हणून मी ते आठवणीनं मोडले होते. मायनं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. सातवी इयत्ता शिकलेली बाई, पण टेपरेकॉर्डर माझ्याआधी समजली. हरिपाठ संपल्यावर आमचे काही सेकंद अजून ऐकू येतात, आणि खोटं कशाला बोलू, उतरल्यासारखं वाटतं.

उरलेल्या कॅसेटी लावल्या तर चीं चीं करून अडकायला लागल्या. मी वाचलं होतं की जुन्या स्टुडिओ टेपांचा लेप दमट हवेनं चिकट होतो. मग त्या पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद उष्णतेत काही तास शेकतात, आणि तेवढ्यात नक्कल करून घेतात. हे एका विशिष्ट बनावटीच्या मोठ्या रिळांसाठी आहे, साध्या कॅसेटला त्याची गरज नसते, असंही तिथंच पुढं लिहिलं होतं. पुढचं मी कॅसेटी उन्हात घातल्यावर वाचलं.

शेकायला वसमतच्या एप्रिलइतकी स्वस्त भट्टी कुठं मिळणार? शेतात हळद शिजवून ताडपत्रीवर पसरली होती. आमच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तिला मानवतं ते ऊन संगीताला का मानवू नये? मी कॅसेटी कडेला मांडल्या. वर थोडी हळद ओढली, एकदम चटका नको म्हणून. दादा आला.

“काय वाळवू लालास रे हे?”

“गाणी.”

त्यानं आकाशाकडं पाहिलं आणि निघून गेला. मला वाटलं, देवाला हाक मारतोय. तो ढग बघत होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं, गड्यांनी ताडपत्रीच्या चारही कडा उचलून हळद गोळा केली, आणि दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत ती पॉलिशच्या ड्रममध्ये गरगरत होती. मोठ्या लोखंडी पिंपात कांड्या एकमेकींवर घासून साल उतरते, त्याचा आवाज मला माहीत होता. आज त्यात एक वेगळा ठेका होता. खड-खड-टॉक, खड-खड-टॉक. आमच्या ड्रमरला उभ्या आयुष्यात इतकी लय सापडली नव्हती. बॉनमच्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याचीच आठवण झाली. मी हात जोडून मशीन थांबवा म्हणालो तेव्हा गडी म्हणाला, “थांबा मालक, अजून चमक आली नाही.”

टेपेच्या जाळ्यातून हळद सोडवायला घरच्या बायका दोन पोरांसह बसल्या. त्या काय बोलल्या ते कुठल्याच अल्बममध्ये घेता येणार नाही.

माल मोंढ्यात गेला तेव्हा दादानं मला मुद्दाम सोबत नेलं. बोलीला उभ्या असलेल्या खरेदीदारानं ढिगात हात घातला. मूठभर कांड्या काढल्या, एक मोडून रंग पाहिला, वास घेतला. मग मुठीतून एक काळा, पिवळ्या धुळीनं माखलेला प्लॅस्टिकचा तुकडा वर धरला. चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं अक्षर वाचलं.

“ही बी बाजू आहे,” तो म्हणाला. “ए कुठंय?”

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “खालच्या पोत्यात असेल.”

खरेदीदार क्विंटलमागं पन्नास रुपये कमी बोलला.