पैसे घेऊन टीव्ही फिका करणारा

पुण्यातली नोकरी सोडून कुणी जळगावात होम थिएटरचा डिस्प्ले कॅलिब्रेटर व्हायचं म्हणत असेल, तर त्याने आधी कातडी जाड करून घ्यावी. दुकानातला टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. पांढरा निळसर, लाल भडक, आणि गिऱ्हाईक खूश. हा गडी घरी येणार, रंग मोजणारा कलरीमीटर पडद्याला टेकवणार, पांढरा रंग ६५०० केल्विनवर आणणार, गॅमा २.४ आणि उजेड १०० निट्सच्या आसपास. चित्र अगदी दिग्दर्शकाला हवं होतं तसं! कोपऱ्यातून आजी अहिराणीत विचारणार, “भाऊ, रंग कथा गया?”

गंमत बघा. सराफ बाजारात यंत्राने कॅरेट दाखवला की हेच गाव मुकाट मान डोलावतं. पण सोनं पिवळं असलेलं चालतं. टीव्ही जरा पिवळट दिसला की तो ‘गेला’.

धुळ्यात तर आणखी मजा. मे महिन्याची दुपार, दार सताड उघडं, वर ट्यूबलाइट. अंधाऱ्या खोलीसाठी ठरवलेले ते १०० निट्स तिथे कुणाला दिसणार? संध्याकाळी शेजारी येतो, रिमोट उचलतो आणि सगळी मेहनत दोन मिनिटांत ‘दुरुस्त’ करतो. तेही फुकट.

तेव्हा मंडळी, नव्या टीव्हीत दिग्दर्शकाला हवं तसं चित्र दाखवणारा ‘फिल्ममेकर मोड’ आहे का बघा. असला तर तो लावा, खिडकीला जाड पडदा लावा, आणि चार दिवस रिमोट शेजाऱ्याच्या हाती देऊ नका.