ॲपवर ऐंशी दाखवून राह्यलं, भाऊ!

‘राइड शेअरिंग’ला मराठी प्रतिशब्द अजून कुणी काढला नाही, हे बरंच झालं. काढला असता तर त्यातली गंमत लगेच उघडी पडली असती, कारण या प्रवासात कुणी कुणाशी काहीच वाटून घेत नाही. अनोळखी माणसांनी एका गाडीत बसून भाडं विभागायची जी सोय ओला-उबरने दिली होती, ती मार्च २०२०मध्ये करोनाच्या धास्तीने बंद झाली. नाव तेवढं मागे राहिलं, जसं तलाव बुजवून उभ्या राहिलेल्या वस्तीला तलावाचं नाव राहतं. खरोखरीचं वाटून घेणं बघायचं असेल तर नागपूरच्या सीताबर्डीवर सीट भरत उभ्या असलेल्या ऑटोत बघावं. मागे तिघांची जागा चौघांनी वाटून घेतलेली, पुढे चालकाने स्वतःची अर्धी सीट पाचव्याला दिलेली आणि एकाच्या मांडीवर दुसऱ्याची भाजीची थैली. त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. वाहतूक पोलीस जे म्हणतात ते वेगळंच.

‘टॅक्सी बरी की ॲपची गाडी’ हा वादही आपला नव्हे, तो मुंबईहून पार्सलने आलेला आहे. तिकडे काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी घरातलं माणूस गेल्यासारखा निरोप दिला. नागपुरात असा गळा काढायला काळी-पिवळी होती कुठे? इथे होती सायकल-रिक्षा, आणि तिच्या मागून आला ऑटो. म्हणूनच इथे ऑटोला रिक्षा म्हणत नाहीत. संत्रा मार्केटच्या बाजूने स्टेशनाबाहेर पडून जो ‘ए रिक्षा!’ अशी हाक मारतो, तो पुण्या-मुंबईचा, हे हाकेबरोबरच कळतं आणि भाडंही त्या हाकेबरोबरच ठरतं. तेव्हा नागपूरपुरता प्रश्न असा मांडायला हवा : ॲपने इथे नेमकं कशाला हटवलं? टॅक्सीला नाही, कारण ती नव्हती. मीटरलाही नाही, कारण तो असून नव्हता. हटवली असेल तर ती घासाघीस. आणि मला तर शंका आहे, की तीही हटलेली नाही. तिच्यातला फक्त आपला अर्धा भाग कापून नेलाय.

आधी मीटरविषयी. देशाची अंतरं जिथून मोजतात असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तो झीरो माइलचा खांब याच शहरात आहे. त्या खांबापासून हाकेच्या अंतरावर कुठल्याही ऑटोवाल्याला मीटर टाकायला सांगून बघावं. तो आपल्याकडे असा बघेल, जणू आपण त्याला तबल्यावर ठेका धरायला सांगितलंय. दोष एकट्या त्याचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण दर ठरवतं, दराची बातमी छापून येते, संघटना दर कमी म्हणून निषेध करते, प्रवासी जास्त म्हणून निषेध करतात, आणि मग दोन्ही बाजू गुण्यागोविंदाने तो दर विसरून व्हरायटी चौकात बोलणी सुरू करतात. मीटरचा हट्ट धरला की भाडंच नाकारलं जातं. आता भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, यात वाद नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८मध्ये तीनचाकीने प्रवासी नाकारला तर दंड लिहिला आहे : पन्नास रुपयांपर्यंत. २०१९मध्ये कायद्याची मोठी डागडुजी झाली, बाकीचे दंड वाचून लोकांना घाम फुटला, याच कलमात इतर गाड्यांसाठी दोनशेचे पाचशे झाले. पण तीनचाकीचे पन्नास पन्नासच राहिले. ही डागडुजी करणारे केंद्रीय मंत्री नागपूरचे खासदार, राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्रीही नागपूरचे. आपल्या माणसांनी आपल्या ऑटोवाल्यांचा एवढा मान राखावा, हे आपल्या संस्कृतीला शोभूनच दिसतं.

पण घासाघीस म्हणजे निव्वळ लूट, असं मानणाऱ्याने ती कधी नीट ऐकलेली नसते. त्या दोन मिनिटांत काय काय मोजलं जातं! ऊन किती, बॅगा किती, गाडी कुठली आली, माणूस एकटा की लेकराबाळांसह, परतीचं भाडं मनीषनगरहून मिळेल की नाही, आणि समोरचा ‘जाणार का?’ म्हणतो की ‘जातं काय भाऊ?’ पाऊस पडला की भाव चढतो, दुपारी दोनच्या उन्हात तर चढतोच. अमेरिकेतल्या कंपन्यांनी यालाच पुढे ‘सर्ज’ असं नाव दिलं आणि त्यावर गणितज्ञ नेमले. आपल्याकडे हेच गणित स्टेशनाबाहेर उभ्या उभ्या, खर्रा चघळत होत होतं. मात्र दोन्हींत एक फरक आहे आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे. रस्त्यावरच्या सौद्यात दोघांना तोंड असतं. त्याने दीडशे म्हटलं की आपण ऐंशी म्हणतो, चार पावलं चालून दाखवतो, तो मागून ‘या न, शंभर द्या’ म्हणतो. त्या चार पावलांना अर्थशास्त्रात काय म्हणतात कोण जाणे, पण गरीब गिऱ्हाइकाकडे तेवढंच एक शस्त्र होतं. ॲपपुढे चार पावलं चालून दाखवा बरं. नकाशावरचा ठिपका तुमच्यासोबत चार पावलं सरकेल आणि भाव तिथेच राहील.

‘निदान घासाघीस तर संपली,’ असं म्हणणाऱ्यांना मे २०२५ची आठवण करून द्यायला हवी. गाडी लवकर हवी असेल तर आधीच टिप कबूल करा, असं उबरचं ॲप सुचवू लागलं, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस धाडली. टिप ही काम झाल्यावर खुशीने द्यायची, ही समजूत आपल्याकडच्या हॉटेलातल्या पोऱ्यालाही होती. इथे गाडी यायच्या आत खुशी मागितली गेली. म्हणजे बोलणी परत आली. फक्त आता गिऱ्हाईक भाव खाली ओढत नाही, स्वतःच वर वर चढवत जातं, लिलावात एकटं बसून स्वतःवरच बोली लावणाऱ्यासारखं. त्याच वर्षी जानेवारीत ओला आणि उबर या दोघींनाही नोटिसा गेल्या होत्या, कारण आयफोनवाल्याला एक भाडं आणि साध्या फोनवाल्याला दुसरं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी साफ इन्कार केला. तो खरा मानू. पण ऑटोवाला आपल्या बुटांकडे बघून भाव सांगतो हे आपल्याला निदान दिसत तरी होतं. याहून मजेशीर कथा इनड्राइव्हची. ही कंपनी जन्मली सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये. उणे ४५ अंशांच्या थंडीत तिथल्या टॅक्सीवाल्यांनी भाडं दुप्पट केलं, लोक चिडले, त्यांनी आपसांत गाड्या ठरवायला गट काढला, त्यातून ॲप झालं, आणि त्या ॲपचं जगावेगळं वैशिष्ट्य काय, तर प्रवासी भाव सांगतो, चालक वाढवून मागतो आणि मध्येच कुठेतरी जमतं. अधिक ४५ अंशांत नागपूर हेच कधीपासून करत होतं; आपल्याला फक्त पेटंट घ्यायचं सुचलं नाही.

आता नकाराचं. रस्त्यावर ऑटोवाला मान हलवून नाही म्हणतो आणि विषय संपतो. ॲपवर तो आधी हो म्हणतो, मग फोन करतो, ‘कुठं जायचं हाय? कॅश का ऑनलाइन?’ विचारतो, आणि उत्तर पसंत पडलं नाही की जागीच उभा राहतो, तुम्ही कंटाळून रद्द करेपर्यंत. इथे नाही म्हणण्याचं पापही गिऱ्हाइकाच्या खात्यावर. १ जुलै २०२५च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत यावर इलाज आहे : सबळ कारणाशिवाय फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड. चालकाला आणि प्रवाशालाही. म्हणजे रस्त्यावरच्या नकाराची किंमत पन्नास, ॲपवरच्या नकाराची शंभर; प्रगती दुप्पट आहे, हे मान्य करावंच लागेल. जाहिरातींचं तर बोलूच नये. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर पन्नास रुपये’ असं वचन रॅपिडोने दिलं होतं. ऑगस्ट २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल दहा लाखांचा दंड केला, तेव्हा कळलं की ते पन्नास म्हणजे ‘पन्नासपर्यंत’, रुपये म्हणजे ॲपमधली नाणी, आणि ती नाणी सात दिवसांत फक्त बाइकच्या भाड्यात चालणार. ऑटोसाठी थांबलेल्याची भरपाई बाइकने! एवढा बारीक सौदा सीताबर्डीच्या कुठल्याही ऑटोवाल्याला सात जन्मांत सुचला नसता.

आणि चालक? त्याचं तोंड तर आपल्याही आधी बंद झालं. नागपूरला याचा जवळचा अनुभव आहे. मे २०१७मध्ये ओलाने देशातला पहिला म्हणवला गेलेला विजेच्या गाड्यांचा मोठा प्रकल्प इथेच सुरू केला. दोनशे वाहनं, त्यांत महिंद्राच्या शंभर मोटारी, गडकरी आणि फडणवीस दोघेही हजर, फिती, फोटो, भविष्यकाळ. वर्षही उलटलं नाही तोवर त्याच गाड्यांचे चालक डिझेलवर परत जाऊ मागत होते. चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जात, चालवायचा खर्च परवडत नसे, आणि रांगेमुळे रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर एक चार्जिंग केंद्र बंदही करावं लागलं. विजेची गाडी वाईट होती असं नाही. पण ती आणायची कुठून, चार्ज कुठे करायची, किती तास थांबायचं, यातलं काहीच चालकाला ठरवता येत नव्हतं. त्याच्या हाती एकच उत्तर होतं : गाडी परत. पुढे ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबईत ओला-उबरचे चालक संपावर गेले, तेव्हाही भांडण भाड्याच्या न दिसणाऱ्या हिशेबावरून होतं. स्टँडवरचा ऑटोवाला निदान समोरच्या माणसाशी भांडतो. यांना भांडायला माणूसच सापडत नाही, सापडतं ते ‘आपला अभिप्राय नोंदवा’.

इथे वाचक म्हणतील, आणि वाचक स्त्री असेल तर जरा जोरात म्हणेल, की रात्री साडेअकराला मेडिकल चौकातून एकटीने घरी जायचं असेल तेव्हा ही तात्त्विक घासाघीस तुमच्यापाशीच ठेवा. गाडीचा नंबर आधी कळतो, रस्ता घरच्यांना दिसतो, कोण घेऊन गेलं याची नोंद राहते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर माझ्यापाशी टिंगल नाही. नव्याने गावात आलेल्या विद्यार्थ्याला, मराठी-हिंदी न येणाऱ्याला, ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्यालाही ॲपने मोठी अवहेलना चुकवली. सौदा करता येणं हे कौशल्य आहे आणि ते नसणाऱ्याने जास्त पैसे का द्यावेत? पण या सगळ्यातलं एक तरी काम असं आहे का, जे सरकारला करता येत नव्हतं? गाडीचा नंबर सरकारच देतं. परमिट, बॅज, दर, सगळं सरकारच देतं. मेट्रो मार्च २०१९ला सुरू झाली, तिच्या स्थानकात भाडं लिहिलेलं असतं आणि तिथल्या खिडकीवर कुणी ‘जमवा न’ म्हणत नाही, म्हणजे ठरलेला दर नागपूरकराला पचत नाही असंही नाही. जिने उतरून रस्त्यावर आलं की मात्र पचनशक्ती बदलते. जी सुरक्षितता आणि जो निश्चित दर सार्वजनिक हक्क म्हणून मिळायला हवा होता, तो आपण फोनमधून विकत घेतो, आणि वर पाच टक्के जीएसटी भरतो. १ जानेवारी २०२२पासून ॲपवरून बोलावलेल्या ऑटोला कर आहे, हात दाखवून थांबवलेल्या त्याच ऑटोला नाही.

‘पण ॲप स्वस्त पडतं,’ हा दुसरा आक्षेप. कधी पडतं, कधी नाही, आणि आज कुठला दिवस आहे हे आपल्याला कळायची सोय नाही. मीटर चुकीचा असू शकतो, पण तो दोघांच्या मध्ये बसलेला असतो, आणि त्याचं दरपत्रक कुणालाही मागता येतं. २०२०मध्ये केंद्राने मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत वाढ चालेल असं सांगितलं. २०२५मध्ये तेच दुप्पट चालेल असं सांगितलं. राज्याने आपलं वेगळं धोरणही आणलं. पण कमाल किती हे ठरवणं वेगळं आणि आज, आत्ता, धरमपेठेतून इतवारीला एवढेच का, हे सांगणं वेगळं. पहिलं राजपत्रात छापता येतं. दुसरं कंपनीच्या पोटात असतं.

नागपूरकराने मात्र यावर आपला तोडगा केव्हाच काढलाय, आणि तो ना कंपनीच्या ध्यानात होता ना मंत्रालयाच्या. ॲप उघडायचं, भाडं बघायचं, गाडी बोलवायची नाही. फोन तसाच उघडा धरून चौकातल्या ऑटोवाल्यापाशी जायचं. तो दीडशे म्हणतो. ‘ॲपवर ऐंशी दाखवून राह्यलं, भाऊ.’ तो फोनकडे ढुंकूनही बघत नाही. ‘मंग ॲपवालाच बोलवा न.’ आपण चार पावलं चालतो. मागून आवाज येतो, ‘बरं, नव्वद द्या. बसा.’ कोट्यवधी डॉलर ओतून, उपग्रह लावून, गणितज्ञ बसवून शेवटी नागपूरला जे मिळालं ते असं : दोघांना दिसणारा एक आकडा, ज्यावरून बोलणी सुरू करता येतात. ऑटोच्या दांडीला बांधलेला, फडक्याखाली झाकलेला तो मीटर यासाठीच तर होता.